शैला, तुझ्याजवळ कोण बसलं?

शैला, तू मला फसवलंस. आपल्या दोघींत एक सौदा ठरला होता. माझ्या वाट्याचं मी पुरं केलं. तू तुझ्या वाट्याचं केलं नाहीस, आणि वर 'केलं' म्हणून सांगितलंस. फुटपाथवर चादर अंथरून उशांचे अभ्रे विकायला बसले तिथपासून उल्हासनगरात पडद्यांचं स्वतःचं दुकान टाकेपर्यंत मला फसवायला पुष्कळांनी पाहिलं. कोणाला जमलं नाही. जमलं ते तुला, अंबरनाथच्या एका कारखान्याच्या ऑफिसात हजेरी सांभाळणाऱ्या आणि भाजीवाल्याशीसुद्धा घासाघीस न करणाऱ्या बाईला.

गेल्या रविवारी तुझं पुण्यानुमोदन झालं. विहारातल्या बायका म्हणाल्या, "मंगलताई, तुम्ही दोन शब्द बोला." मी उभी राहिले. समोर तुझा फोटो, पांढरी फुलं, मेणबत्त्या. त्रिशरण-पंचशील चालू असताना हात कधी जोडायचे, कधी खाली घ्यायचे हे मला नीट कळत नव्हतं, शेजारणीकडे बघून करत होते. माइक हातात आला. मला जे बोलायचं होतं ते त्या हॉलमध्ये बोलण्यासारखं नव्हतं. गेलेल्या माणसाशी चारचौघांत कोणी भांडत नाही. "नाही जमत," म्हणून खाली बसले. बायकांना वाटलं, दुःख झालंय. दुःख तर होतंच. पण त्याच्या वर राग होता आणि त्याच्या खाली भीती. राग येतो-जातो. भीती मात्र तू गेल्याच्या दिवसापासून घरातच मुक्कामाला आहे.

कसली भीती, ते तुला सांगायला नको. ती तू पाहिली आहेस.

आमचे हे गेले ते फुफ्फुसांनी. शेवटचे कित्येक महिने ऑक्सिजनचं मशीन हॉलमध्ये सोफ्याशेजारी ठेवलेलं. दिवसभर त्याची एकसुरी घरघर. ती चालू असली की भीती वाटायची आणि वीज जाऊन थांबली की त्याहून जास्त. सुरुवातीला माणसं आली. नारळपाणी घेऊन आली, दहा मिनिटं टेकली, कोणत्या काढ्याने कोणाला गुण आला ते सांगितलं आणि दारात चपला घालताना म्हणाली, "काही लागलं तर सांगा हं." मी एकदा सांगितलं. माझ्या नणंदेला म्हटलं, "एक दुपार येऊन बस, मला बँकेत जायचंय." तिच्या पाहुण्यांचं काही निघालं. मग मी सांगायचं सोडलं आणि माणसांनी विचारायचं.

आणि हे गेले त्या सकाळी आमच्या मजल्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. जिन्यावर, पॅसेजमध्ये, लिफ्टच्या दारापर्यंत चपलाच चपला. तुझ्याशी खोटं बोलत नाही, त्या दिवशी रडण्याआधी मला त्या चपला बघून संताप आला. एवढी माणसं होती? मग इतके दिवस होती कुठे?

त्यानंतर मी माणसं बंद केली. बदलापुरातलं कात्रपचं घर ते उल्हासनगरचं दुकान, दुकान ते घर. दुकानात गिऱ्हाइकाशी कचाकचा भांडायचे, तेवढाच काय तो माणसांशी संबंध. घरी आलं की दार बंद. बेल वाजली की छातीत धस्स व्हायचं. दाराच्या भिंगातून बघायचे आणि श्वास धरून उभी राहायचे, बाहेरचा जाईपर्यंत. चोर भितो तशी मी माझ्याच घरात भीत होते. कोणी कीव करील याची भीती, कोणी विचारील याची भीती, कोणी आपुलकीने बोललं आणि आपल्याला बरं वाटलं तर त्याची सगळ्यात जास्त.

तू आमच्या खालच्याच मजल्यावर राहायचीस, तू आणि तुझी लेक, दोघीच. दोनदा-तीनदा येऊन बेल वाजवून परत गेलीस, मला भिंगातून दिसलं होतं. एक दिवस तू थेट दुकानात उभी राहिलीस.

"मला चादरी पाहिजेत. मऊ. पुष्कळ धुतल्या जातील अशा."

मी ओळख न दाखवता भाव सांगितला. तू स्टुलावर बसलीस. उठायचं नाव नाही. मी चिडून म्हटलं, "बाई, भाव परवडत नसेल तर सांगा, माझा टाइम घालवू नका."

"भाव ठीक आहे."

"मग?"

"बसलेय. सोसायटीत तू दार उघडत नाहीस. शटर तर उघडतेस ना?"

मी सगळी चादरींची थप्पी तुझ्यासमोर आपटली. तू एकेक चादर गालाला लावून पाहिलीस. दुकानात इतक्या वर्षांत कोणी चादर गालाला लावून घेतली नव्हती. मी विचारलं, कोणासाठी? तू म्हणालीस, पडून असलेल्या माणसांसाठी. मग तू मला तुमचा 'दोन तासां'चा उद्योग सांगितलास. तुम्ही चार-पाच बायका, बदलापूर-अंबरनाथात जिथे घरात कोणी आजारी पडून आहे तिथे आठवड्यातून एकदा जायचं, दोन तास बसायचं. आजारी माणसासाठी नाही, त्याचं करणाऱ्यासाठी. त्या दोन तासांत करणाऱ्याने घराबाहेर गेलंच पाहिजे. केस कापू दे, बँकेत जाऊ दे, नाहीतर स्टेशनवर बाकड्यावर बसून येऊ दे. नियम कडक. नारळपाणी न्यायचं नाही. काढा सांगायचा नाही. 'हे कसं झालं' विचारायचं नाही.

मी कापड कापता कापता ऐकत राहिले. कात्रीने कापड वाकडं गेलं. मी तुझ्यावरच ओरडले, "हे तुला तेव्हा सुचलं नाही? आमच्या डोक्यावर मशीन घरघरत होतं तेव्हा?"

तू खाली मान घालून म्हणालीस, "तुझ्याच घरावरून सुचलं. उशीर झाला होता."

त्या वाक्याबद्दल मी तुला कधी काही बोलले नाही. आता बोलते. ते ऐकून मला पहिल्यांदा वाटलं होतं की त्या चपलांमध्ये निदान एक जोड खरा होता.

तरी मी आले नाही. महिनोन्‌महिने टाळलं. वर्ष संपायच्या संध्याकाळी गच्चीवर सोसायटीचा कार्यक्रम होता. वरून स्पीकरचा आवाज येत होता आणि मी दिवा न लावता बसले होते. तू पावभाजीची प्लेट घेऊन आलीस आणि या खेपेला दाराबाहेरून ओरडलीस, "मंगल, हात भाजतोय, उघड!" मी उघडलं.

"नव्या वर्षात तू माझ्याबरोबर यायचंस. आठवड्यातून एकदा."

"मला काय मिळणार?"

तू हसलीस. "धंदेवाली ती धंदेवालीच. काय पाहिजे तुला?"

मला काय पाहिजे ते मी आधीच हेरून ठेवलं होतं. माझं अर्धं आयुष्य कापडात गेलंय. ब्लाउजची बाही दंडाला कशी बसते ते मला न बघताही दिसतं. तुझ्या बाह्या दिवाळीपासून लोंबत होत्या. जिन्याच्या वळणावर थांबून तू मोबाइल बघायचीस, पण स्क्रीन बंद असायचा. मी म्हटलं, "तू डॉक्टरकडे जायचंस. पूर्ण तपासणी. जे निघेल ते मला सांगायचं. मग मी येते."

"महाग सौदा आहे."

"मग राहू दे."

"थांब, थांब." तू प्लेट पुढे केलीस. "हा इसार. खाल्लास की सौदा पक्का."

मी खाल्ली. गार झाली होती, तिखट होती, आणि दोन वर्षांत दुसऱ्याच्या हातचं मी पहिल्यांदा खात होते.

माझ्या बाजूने मी आले. पहिल्या दिवशी अण्णांच्या घरी. अण्णा म्हणजे कात्रपच्याच पलीकडच्या गल्लीतले म्हातारे, अर्धांगवायूने पडलेले, सून एकटी करायची. दारापर्यंत आले आणि आतून घरघर ऐकू आली. मी तुझा दंड धरला. तुझ्या दंडावर माझी नखं उमटली असतील. तू कानाशी म्हणालीस, "फ्रिज आहे गं. जुना आहे." फ्रिजच होता. तरी तुझा दंड मी लगेच सोडला नाही.

सून पर्स घेऊन बाहेर पडली आणि मागे म्हातारा जेवेना. तोंड घट्ट मिटून पडला. तू गोड बोललीस, उपयोग नाही. मग माझा स्वभाव उसळला. मी वाटी घेतली आणि म्हटलं, "अण्णा, पाच घास."

त्यांनी मान हलवली. नाही.

"चार. याच्या खाली मला परवडत नाही."

एक बोट वर आलं.

"एक? अहो, एका घासात माझी येण्याची रिक्षा निघत नाही!"

म्हाताऱ्याच्या अर्ध्या तोंडावर हसू आलं. दोन बोटं.

"तुमचं राहू द्या, माझंही राहू द्या. तीन. आणि चौथा वर टाकायचा, नेहमीचं गिऱ्हाईक म्हणून."

त्यांनी चारही घास खाल्ले. तू भिंतीला टेकून हसत होतीस, हसता हसता तुला खोकला आला, आणि तू स्वयंपाकघरात गेलीस. बराच वेळ नळ सोडून उभी होतीस.

त्या दिवसापासून मी यायला लागले. जानेवारी, फेब्रुवारी. घरी जाताना लोक नमस्कार करायला लागले, मी उलट करायला लागले. नणंदेला फोन केला, भांडायला का होईना. बेल वाजली की अजून धस्स व्हायचं, पण पाय दाराकडे जायचे. आणि त्याबरोबर एक नवीन भीती आली, जी तुला मी सांगितली होती. अण्णांच्या घरी जाताना गल्लीच्या तोंडाशी गर्दी दिसली की माझं काळीज हलायचं. मी म्हटलं, "शैला, माणूस एकटं असलं की एकाच्याच मरणाला भितं. तू मला गल्लीभर माणसं जोडून दिलीस, आता मी गल्लीभर भिते."

तू म्हणालीस, "हो. त्याला इलाज नाही."

एवढंच. दुसरी कोणी असती तर समजूत घातली असती.

तुझ्या बाजूचं मी विचारत होतेच. एका दुपारी अण्णांच्या जिन्यावर पकडलं.

"झाली का तपासणी?"

"झाली."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"म्हणाले, मैत्रिणी नीट निवडा. भांडखोर नको."

"शैला."

"सगळं ठीक आहे गं. अशक्तपणा आहे, गोळ्या दिल्यात."

मग आपलं ते भांडण झालं, जे अर्धवट राहिलं. तू गुडघे धरून पायरीवर बसलीस. मी म्हटलं चल, मी पिशवी घेते, तू पिशवी दिली नाहीस. मी भडकले. "तू सगळ्यांना देतेस, कोणाकडून काही घेत नाहीस. बाजारात असा माणूस एक तर बुडायला आलेला असतो, नाहीतर लबाड असतो."

"मग मी कोण?"

"अजून ठरवलं नाही."

"ठरलं की सांग," म्हणालीस आणि पिशवी स्वतःच उचललीस. मला अजून ठरवता आलेलं नाही.

मार्चअखेर तू नाशिकला बहिणीकडे जाते म्हणून गेलीस. एप्रिलमध्ये जयंती आली. अंबरनाथच्या तुझ्या माहेरच्या वस्तीत निळे झेंडे लागले, मिरवणूक निघाली, आणि तू नव्हतीस. तुझ्या वस्तीतल्या बायका सांगत होत्या, तू बाळंतीण असतानासुद्धा मिरवणुकीला आली होतीस. मी फोन केला. तू म्हणालीस, "इथली जयंती बघतेय यंदा." आवाज लांबून आल्यासारखा. आणि मागे घरघर.

"कसला आवाज येतोय?"

"मिक्सर. ताई वाटण करतेय."

"किती वाटण वाटते गं तुझी बहीण?"

"पाहुणे पुष्कळ आहेत." तू हसलीस. मी पुन्हा विचारलं, शैला, खरंच मिक्सर आहे ना? तू म्हणालीस, "अण्णा किती घासांवर आलेत?" मी सांगितलं, आता सहावर सौदा होतो. तू म्हणालीस, "भाव पाडू नको." हे तुझं माझ्याशी शेवटचं बोलणं.

नाशिक नव्हतं, बहीण नव्हती, मिक्सर नव्हता, हे मला तू गेल्यावर कळलं. तू मुंबईच्या एका हॉस्पिटलात होतीस, आणि तपासणी तू आपला सौदा ठरायच्या आधीच करून घेतली होतीस. म्हणजे जी वस्तू तू मला विकलीस ती तुझ्याकडे आधीपासून होती, नि तिच्यात काय निघालंय तेही तुला ठाऊक होतं. असा माल पुढे करणाऱ्याला आमच्या बाजारात कोणी दारात उभं करत नाही.

तू गेलीस त्याला अजून फार दिवस झालेले नाहीत. परवा घाऊक बाजारात पडद्याचं कापड घ्यायला गेले. सिंधी शेठने भाव सांगितला आणि मी 'ठीक आहे' म्हटलं. तो माझ्या तोंडाकडे बघतच राहिला. "मंगलभाभी, तबियत तो ठीक है ना? थोड़ा झगड़ा करो, साईं. ऐसे डर लगता है." त्याने स्वतःच भाव कमी केला. मी रिक्षात बसले आणि रडले. अण्णांच्या सुनेचे फोन येतात, मी उचलत नाही. मोबाइल वाजला की पालथा घालते. दाराच्या भिंगाशी पुन्हा उभी राहायला लागलेय. मला हे सगळं माहीत आहे. या रस्त्याने मी आधी एकदा गेलेय, कुठलं वळण कुठे घेऊन जातं ते मला पाठ आहे, म्हणून तर घाबरलेय.

पण खरं सांगायचं ते पुढेच आहे.

पुण्यानुमोदन आटोपल्यावर तुझी लेक प्रज्ञा आणि मी एकत्र घरी आलो. जिन्यात माझा तोल गेला. तुझ्यावरचा राग तिच्यावर काढला. "तुला तरी तोंड नव्हतं का? एक फोन करता येत नव्हता? मी मिळेल त्या लोकलने आले असते!"

ती शांतपणे म्हणाली, "मावशी, आईने शपथ घातली होती. म्हणाली, मंगल आत्ता कुठे बाहेर पडलीय. पुन्हा हॉस्पिटल, पुन्हा ते मशीन बघितलं तर ती दार लावून घेईल, मग कोणी उघडू शकणार नाही."

मी म्हटलं, "ती कोण ठरवणार?"

तेव्हा ती पोरगी माझ्याकडे वळली. इतके दिवस मी तिचा चेहरा नीट बघितलाच नव्हता. म्हणाली, "तुम्ही बाहेर पडावं म्हणून आईने तुम्हाला बोलावलं नाही. बरं. पण माझ्याजवळ कोण होतं, मावशी? ऑफिसातून सरळ हॉस्पिटल. आंघोळीला घरी जायचं तर आईला कोणाच्या भरवशावर सोडणार? जेवण आणायला खाली उतरले तरी पळत परत यायची. मला दोन तास कोणी दिले?"

एवढं बोलून ती आत गेली आणि दार लावलं. आवाज न करता.

शैला, माझ्या रागाला त्या जिन्यात लाज वाटली असं नाही, पण त्याला बसायला जागा राहिली नाही. इतके दिवस मी म्हणत होते, मला फसवलंस. तू तर तिला लुबाडलंस. तुला माझी भीती दिसली. तिची कशी दिसली नाही? का दिसली, आणि आपलीच पोर आहे, निभावेल, म्हणून सोडून दिलीस? आपल्या बायका नेमक्या इथेच चुकतात. जगाचं सगळं नीट करतात, आणि घरचं माणूस सोसेलच असं धरून चालतात. माझी आई अशीच होती. पण तू 'दोन तास' काढणारी होतीस. तू हे चुकायचं नव्हतंस.

त्या दिवसापासून मी तिचं दार बघतेय. सकाळी ऑफिसला जाते, संध्याकाळी येते, मधे कोणाशी बोलत नाही. दुधाची पिशवी सकाळची संध्याकाळपर्यंत कडीला लटकलेली असते. विहारातल्या बायका येऊन बेल वाजवून गेल्या. आत दिवा होता, दार उघडलं नाही. त्या मला म्हणाल्या, "बाहेर गेली असेल." ती दाराच्या आत श्वास धरून उभी होती, हे मला जिन्यातून कळत होतं.

मी दोनदा एक मजला उतरून परत वर आले. ती ओरडेल याला मी भीत नाही, मी स्वतः आयुष्यभर ओरडत आलेय. मी भिते ते याला, की ती दार उघडेल. उघडलं की मला आत जावं लागेल. तुझा पलंग, तुझी खुंटीला लटकलेली ओढणी, तो वास. आणि मग ही पोरगी माझी होईल, तिच्या उशिरा येण्याला मी भिईन, तिच्या खोकल्याला मी भिईन, जन्मभर. पुन्हा नव्याने. माझं वय झालंय, शैला. एवढी भीती बाळगायची ताकद राहिलीय का माझ्यात, हे मला माहीत नाही. आणि तू म्हणालीस ते खरं असेल तर? मी खरंच हॉस्पिटलच्या दारातून परत फिरले असते तर? तेही मला कळायचं राहिलं, कारण तू मला तिथवर येऊच दिलं नाहीस.

आज मी जाणार आहे. नारळपाणी नाही, काढा नाही, उपदेश नाही. तिला म्हणेन, तू बाहेर जाऊन ये, नाहीतर नुसती झोप, मी बसते. ती मला आत घेईल की नाही ठाऊक नाही. पण घेतलं, तर आज ना उद्या ती विचारणार: आईने सगळ्यांच्या घरी माणूस पाठवलं, मग मलाच एकटं का ठेवलं? त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. मला भित्री ठरवलंस ते मी गिळेन. हे गिळणार नाही. हे तू केलंयस, याचा जाब तू दे. आठवण, फोटो, फुलं यांच्याआड लपू नकोस. बोल, शैला. मी जिना उतरायला लागलेय, आणि तिच्या दाराशी पोचायच्या आत मला उत्तर पाहिजे.